दोन सीटांची गाडी

१

"असं चांगलं दिसते, का असं?"

नागपूरच्या धंतोलीतल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टर केशव भोयर हा प्रश्न दिवसातून दोनतीनशे वेळा तरी विचारायचा. समोरच्या माणसाच्या नाकावर चाचणीच्या चष्म्याची जड चौकट असायची. तिच्यात एक काच घालायची, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, ती काढून दुसरी घालायची आणि पुन्हा विचारायचं. चंद्रपूर, भंडारा, वणी, कुठून कुठून आलेली माणसं सुरुवातीला हुरूपानं सांगायची. पण शेवटी दोन काचांतला फरक इतका बारीक होई, की माणूस घायकुतीला येऊन म्हणे, "दोन्ही एकसारखेच दिसून राहिले साहेब, तुमीच काय ते सांगा." मग केशव पटकन एक काच ठेवायचा आणि दुसरी पेटीत टाकायचा.

निवडताना घुटमळणाऱ्या माणसांची त्याला मनापासून कीव यायची. त्यानं डोळ्यांची शाखा एका दुपारी निवडली होती, सक्करदऱ्याच्या तलावाजवळचा प्लॉट दहा मिनिटांत आणि बायको त्याहून कमी वेळात. सगळं झकास निघालं, असं तो चारचौघांत सांगे. पेटीत टाकलेल्या काचेला काय वाटत असेल, हा विचार कुठल्याच डॉक्टरच्या मनात येत नाही. याच्याही कधी आला नाही.

त्याची बायको वंदना मात्र गेलं वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिची थोरली बहीण गोपिका मागच्या चैत्रात वारली. भिवापूरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथल्या मिरचीच्या वावरातल्या घरात, बिनलग्नाची, एकटी, साध्या तापानं गेली. केशव तेराव्याला दोन तास तोंड दाखवून आला होता. त्यानंतर एक दिवस पालक निवडता निवडता वंदना म्हणाली, "ताईचं वर्षश्राद्ध झालं का मी गावाकडे राहाले जाईन म्हणते."

"किती दिवस?"

"दिवस कायले मोजाचे? राहाले जाईन."

आदळआपट करून म्हणाली असती तर केशवला उत्तर सुचलं असतं. ती शांतपणे म्हणाली आणि पालकाच्या काड्या गोळा करून उठली. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. वंदना गेली की त्या घरात उरणार तो आणि फ्रीजचा आवाज. त्याला भीती वाटली. त्याचं वंदनावर प्रेम होतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून कोणाचा त्यावर विश्वास बसायचा नाही.

तिला थांबवायचं कसं, याचा विचार करता करता त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली एक सकाळ आठवली. स्कूटरवरून फुटाळा तलावाला जाताना वंदना मागून त्याचा खांदा दाबून ओरडली होती, "अजून जोरात!" तेवढ्यावरून पंचावन्न वर्षांच्या या शहाण्या माणसानं ठरवलं की आपण छत उघडणारी गाडी घ्यायची. कॉलेजात असल्यापासून त्याला ती हवीच होती, ही गोष्ट वेगळी. पुरुषाला जे हवं असतं ते बायकोसाठीच घेतोय असं स्वतःला पटवायला फार वेळ लागत नाही.

२

साहिल नावाचा एक जण वर्धा रोडच्या बाजूला जुन्या परदेशी गाड्यांचा व्यवहार करायचा. पत्र्याची मोठी शेड होती. दारातच एक पांढरी, बुटकी, दोनच सीटांची जपानी गाडी छत उघडून ठेवली होती.

"दोन लिटरचंच इंजिन हाये साहेब," साहिल म्हणाला, "पण मिनिटाले नऊ हजार फेरे घेते. तुमची घरची गाडी पाच हजारालेच रडाले लागते. कंपनीनं काढलेलं हे पहिलं मॉडेल. सहा हजाराच्या खाली हिच्यात काहीच नाही, एकदम साधी. सहाच्या वर गेली का मंग पाहा हिचं रूप. फक्त वळणावर जरा सांभाळा लागते, मागून सुटते."

केशव आत बसला. सीट इतकी खाली, की हात लांबवला असता तर जमिनीला लागला असता. सीटचं काळं चामडं, गिअरची आखूड दांडी, समोर गोल डायल. त्याला ती आवडली. खरंच आवडली. तो हो म्हणणार, तेवढ्यात त्याची नजर शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेली. तिथे ताडपत्रीखालून एक लाल नाक बाहेर आलं होतं.

"ती आतली कोणती गा?"

साहिल जरा घुटमळला. "ती याच गाडीचं नंतरचं मॉडेल. इंजिन थोडं मोठं, बावीसशे सीसी. नऊ नाही, आठ हजारावरच थांबते, पण खालून ताकद जास्त. छताची मागची काच खरी, प्लास्टिकची नाही. वळणावर गरीब गाय."

"मंग ती समोर काहून नाही ठेवली?"

साहिल हसला. "साहेब, ती समोर ठेवली तर हिले कोन पाहीन? पहिले ही जाऊ द्याची, मंग ती काढाची."

केशवचा एक पाय अजून पांढऱ्या गाडीतच होता. "ती दाखव," तो म्हणाला.

३

'पहिले ही, मंग ती' हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय, असं त्याला दोन्ही गाड्या चालवून बघताना सारखं वाटत राहिलं. पांढरीनं त्याला घाबरवलं. सहा हजारांवर तिचा आवाज बदलला, ती पुढे झेपावली आणि वळणावर मागची चाकं क्षणभर भलतीकडे निघाली. लाल गाडी सांगेल तसं वागली. "लाल," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी कुठे ऐकलं होतं ते त्याला आठवलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो बाप आणि काका यांच्यासोबत भिवापूरकडे मुलगी पाहायला गेला होता. वधूपिता रामाजी मिरचीवाले. कळमन्याच्या बाजारात त्यांच्या मालाला मान होता. घरात दोन मुली. अशा घरांत तेव्हा एक रीत होती. थोरलीला पाहायला पाहुणे आले की धाकटीला आतल्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची. थोरलीचं ठरेपर्यंत धाकटी कोणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. त्या दिवशी कडी लावायची कोणीतरी विसरलं. चुलीवरचं दूध उतू जातंय, हे सांगायला वंदना धावत बाहेर आली, पाहुणे बघून थबकली आणि परत पळाली.

गोपिका तेव्हा पोह्यांचा ट्रे घेऊन केशवच्या पुढ्यात उभी होती. ट्रेवर अजून दोन बशा बाकी होत्या. केशवनं आपली बशी हातात धरूनच रामाजींना विचारलं, "ती आतली मुलगी पाहाले भेटंन का?"

गोपिकेत काही खोट नव्हती. ती बरी होती, ही जास्त बरी दिसली, एवढंच. रामाजींना डॉक्टर जावई हवा होता. कोणती का मुलगी जाईना. पण नंतर गोपिकेला पाहायला जो येई तो आधी हेच विचारी, की धाकटीचं लग्न आधी कसं काय झालं, थोरलीत काही दोष असंन. तीनचार वर्षांनी पाहुणे यायचेही थांबले. गोपिकेनं केशवला कधी टोमणा मारला नाही. दर उन्हाळ्यात त्याच्यासाठी वेगळं, कमी जहाल तिखट कुटून पाठवायची. तिनं त्याला आयुष्यात काहीही विचारलं नाही, आणि त्यालाही वाटायचं, बरं झालं विचारलं नाही.

साहिलच्या शेडमध्ये ही सगळी आठवण दहाबारा सेकंदांत येऊन गेली. केशवला थोडं हसूही आलं. माणसाची आणि गाडीची तुलना करतो आपण, छे. त्यानं चावी घेतली. निघताना आरशात पांढरी गाडी दिसली. साहिल तिचं छत बंद करत होता.

४

पहिल्या रविवारी वंदना आली नाही. "तुमी जाऊन या," म्हणाली. केशव सकाळी सहालाच निघाला, दिघोरी नाका ओलांडून उमरेड रोडला लागला. मार्च लागला होता. त्या वेळी हवा गार असते आणि रस्ता मोकळा. पाचगावच्या पुढे त्यानं तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

चार हजार, पाच, सहा. सहाला इंजिनाचा आवाज पातळ आणि टोकदार झाला. सात. समोरच्या डायलवर आकडे नऊपर्यंत छापलेले होते, पण आठच्या पुढचा पट्टा लाल होता. तिथे गाडी आपोआप पेट्रोल तोडते आणि अडखळते, हे साहिलनं सांगितलं होतं. केशव त्या अडखळण्याची वाट पाहत होता. काटा आठवर आला.

काटा आठ ओलांडून गेला. सव्वाआठ, साडेआठ. आवाज चढतच होता. तो आता बावीसशे सीसीचा वाटेना. काटा नऊवर टेकला आणि तिथे थरथरत उभा राहिला. केशवनं पाय काढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण इतका वेळ डाव्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यानं स्वतःची समजूत घातली. डायल चुकत असेल. जुनी गाडी, कोणीतरी पेट्रोल तोडायची यंत्रणा बदलली असेल. डोळ्यांच्या डॉक्टरला हे सांगायला नको की माणूस जे बघतो त्यातलं निम्मं तो स्वतःच भरत असतो. पण पुढच्या रविवारीही तेच झालं, आणि या वेळी त्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला.

५

नागसेन हा इंदोरा वस्तीतला मेकॅनिक. अशा गाड्यांना हात लावणारी नागपुरात जी दोनचार माणसं असतील त्यांतला तो एक. त्यानं गाडीला मशीन लावलं, आकडे पाहिले आणि मान हलवली. "साहेब, या इंजिनाची जितकी जास्तीत जास्त धाव झाली, तितकी इथं लिहून असते. आठ हजार शंभर. त्याच्यावर ही गेलीच नाही."

"मी स्वतः पाह्यलं."

"चला, मले दाखवा."

दोघं गेले. नागसेन बाजूला बसला. काटा आठवर आला, गाडी अडखळली, आठवरच राहिली. केशवनं चारदा दाबून पाहिलं. चारही वेळा तेच.

मग त्यानं फोनवरचा आवाज ऐकवला. नागसेननं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "हा आवाज हिचा नाही होय. हे दोन लिटरचं इंजिन हाये. ही ती पांढरी आहे ना, साहिलभाईकडची? तिच्या इंजिनाचं काम मीच केलं होतं." तो हसला. "दोन्ही गाड्या घेतल्या का काय साहेब?"

केशवनं फोन खिशात घातला. संध्याकाळी त्यानं साहिलला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, पांढरी गेली का?

"कुठची गेली साहेब," साहिल म्हणाला. "उभीच हाये. कोनी विचारूनही नाही राहिलं तिले. पाहाले येते ते म्हणते, डॉक्टरसाहेबानं काहून सोडली मंग? काही तरी असंन हिच्यात."

६

त्यापुढच्या रविवारी वंदना आपण होऊन म्हणाली, "चला, पाहू तरी काय घेतलं ते."

तिनं ओढणी काढली आणि नागपूरच्या बायकांच्या हातवळणीनं चेहऱ्याभोवती गुंडाळली. कपाळ, कान, नाक, तोंड, सगळं आत. दिसतील ते फक्त डोळे. उन्हाळ्यात या शहरातल्या सगळ्या बायका अशाच फिरतात. सिग्नलला दहा स्कूटरवाल्या उभ्या राहिल्या तर नवऱ्यालाही आपली ओळखता यायची नाही. वर तिनं केशवचा जुना गॉगल चढवला.

त्या सकाळी गाडी शहाण्यासारखी वागली. आठला अडखळली, वर गेली नाही. चांप्याच्या उतारावर वाऱ्यानं वंदनाची ओढणी सुटली, तिचं टोक केशवच्या तोंडावर फडफडलं आणि वंदना हसली. मोठ्यानं हसली. वर्षभरात केशवनं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"जाऊ नको वं गावाले," तो म्हणाला.

वंदनानं ओढणी नीट केली. "तुमी ताईबद्दल कधी एक शब्द नाही बोलले," ती म्हणाली. "जिवंत होती तवाही नाही, गेल्यावरही नाही. मले राग त्याचा हाये." मग थोड्या मवाळ आवाजात म्हणाली, "वर्षश्राद्ध होऊ द्या. न्याले या मले. येता येता सांगीन काय ते."

केशवला तेवढंही पुष्कळ वाटलं. परतताना मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. नागसेन बसला होता तेव्हा काटा आठवर थांबला. वंदना बसली तेव्हाही थांबला. सीट रिकामी असली की काटा नऊपर्यंत जातो. दोन माणसांचं वजन, म्हणून असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पेट्रोल तोडायच्या यंत्रणेचा वजनाशी काडीचा संबंध नाही, हे आता त्यालाही ठाऊक होतं.

७

वर्षश्राद्ध एप्रिलात, शनिवारी होतं. वंदना शुक्रवारीच एसटीनं गेली. केशवला शनिवारी ऑपरेशनं होती. निदान तो तसं म्हणाला. रविवारी सकाळी आठला गावाच्या फाट्यावर तिला घ्यायचं ठरलं.

जाताना तो एकटा होता. सबंध रस्ता त्यानं काटा पाच हजारांच्या वर जाऊ दिला नाही.

फाट्यावरच्या कडुनिंबाखाली ती उभी होती. हिरवी ओढणी, तशीच गुंडाळलेली, वर काळा गॉगल. केशवनं इंजिन बंद केलं नाही. हात लांबवून दार उघडलं. ती बसली, दार हळूच लागलं आणि गाडी उमरेडच्या दिशेनं निघाली.

"कसं झालं सगळं?"

ती काही बोलली नाही. वारा होता, तोंडावर कापड होतं, रडून रडून घसाही बसला असेल. केशवनं रस्त्यावरची नजर हटवली नाही. खरं तर त्याला ते सोयीचंच होतं. जे आयुष्यात कधी बोलला नव्हता ते समोर बघत बोलणं सोपं जातं.

"तू म्हणली ते बरोबर हाये," तो म्हणाला. "ताईच्या बाबतीत मी चुकलो. ती तिथं ट्रे घेऊन उभी होती अन् मी तिच्यासमोर तुले मांगितलं. तिच्या तोंडाकडं मी पाह्यलंही नाही. मले माहीत होतं तिचं पुढं काय होऊन राहिलं. सारं माहीत होतं. मले काही फरक नाही पडला." त्यानं गिअर बदलला. "पण एक सांगतो. तुले निवडली त्याचा मले एक दिवस पस्तावा झाला नाही. पुन्हा तिथं बसवलं तर पुन्हा तुलेच मांगीन."

बोलून झालं आणि त्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही बोललो, असं त्याला वाटलं. रस्ता सरळ होता. त्या हलकेपणात त्यानं तिसऱ्या गिअरात पाय दाबला. सहा, सात, आठ.

काटा आठवर थांबला नाही.

केशव डायलकडे बघत राहिला. साडेआठ. पावणेनऊ. पातळ, टोकदार आवाज चढत गेला. नऊ. त्याच वेळी समोरच्या पट्टीवर अडकवलेल्या फोनवर संदेश उजळला. वंदनाचा होता. *चुलतभावानं मोटरसायकलवर उमरेडपर्यंत आणून सोडलं. चौकात उभी हावो. फाट्यावर जाऊ नका.*

त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं. गाडीला छत नव्हतं. त्याचा शर्ट फडफडत होता, खिशातला कागद केव्हाच उडून गेला होता. त्या हिरव्या ओढणीचं टोक तिच्या खांद्यावर होतं, आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं.

त्याचा पाय आपोआप सुटला. काटा उतरू लागला. आठ, सात, आणि सहाच्या जवळ येताच ते गुंडाळलेलं डोकं हळूहळू त्याच्याकडे वळायला लागलं. केशवनं पुन्हा पाय दाबला. काटा चढला तशी ती वळायची थांबली आणि समोर बघू लागली. त्यानं आणखी एकदा करून पाहिलं, कारण शास्त्र शिकलेला माणूस एकदा पाहून विश्वास ठेवत नाही. पुन्हा तेच झालं. या वेळी डोकं थोडं जास्त वळलं आणि एक हात ओढणीच्या गाठीकडे गेला.

तिचा चेहरा दिसेल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती त्याला दुसरी वाटत होती. ती काहीतरी विचारेल.

उमरेडचा चौक आला. दुसऱ्या गिअरात गाडी किंचाळत होती, लोक वळून बघत होते. रसवंतीच्या गाड्याजवळ वंदना उभी होती. चेहऱ्यावर ओढणी नव्हती, पायाशी पिशवी होती. तिनं लाल गाडी लांबूनच ओळखली आणि हात वर केला. ती हसत होती. ती काय ठरवून आली होती ते त्या हसण्यावरून केशवला लख्ख कळलं. त्याला जे हवं होतं तेच.

थांबायचं म्हणजे पाय काढायचा. पाय काढायचा म्हणजे काटा खाली येणार. आणि गाडीत सीटा दोनच.

वंदनाचा हात वर होता तो तसाच राहिला. केशव तिच्यापासून चार हातांवरून गेला आणि थांबला नाही.

८

उमरेड ते नागपूर पंचेचाळीस किलोमीटर. ते त्यानं दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरात कापलं. फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. दिघोरीला सिग्नल लाल लागला तेव्हा, उमरेडला जे सुचलं नव्हतं ते करत, तो गिअर काढून उभ्या उभ्या इंजिन घुमवत राहिला. शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "ओ काका, या वयात शोभते का हे?" केशवनं त्याच्यापुढे हात जोडले. त्या पोराला वाटलं असेल, काका माफी मागून राहिले.

घराच्या फाटकापाशी मात्र चावी बंद करावीच लागली. डोळे गच्च मिटून त्यानं ती फिरवली. सगळीकडे एकदम शांत झालं; तलावाकडून कोणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. त्याच्या कानाजवळ, अगदी जवळ, कापड सुटल्याचा आवाज झाला. तो डोळे मिटून बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या बाजूचं दार उघडलं. फाटकाची कडी वाजली, चपला अंगणातून गेल्या, दाराचं कुलूप पहिल्याच प्रयत्नात उघडलं. ते कुलूप वर्षानुवर्षं तिसऱ्या प्रयत्नाशिवाय उघडत नव्हतं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. भास झाला असेल, तो स्वतःशी म्हणाला. काल दिवसभर ऑपरेशनं, रात्री झोप नाही, वर एप्रिलचं ऊन. आत्ताच्या आत्ता गाडी वळवून उमरेडला जायचं, वंदनाच्या पाया पडायचं, ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. अजून दहाही वाजले नव्हते. अजून सगळं निस्तरता आलं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण. साखर कोणत्या फळीवर असते ते आतल्या माणसाला नीट माहीत होतं.

पट्टीवरचा फोन वाजला. वंदना. ती अजून त्या चौकात उन्हात उभी असेल. नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी तिला कळलं असतं की आपला नवरा आहे, कुठेतरी आहे. केशवचा अंगठा त्या हिरव्या खुणेवर जाऊन थांबला.

"कोनाचा फोन हाये?" आतून आवाज आला. वंदनाचाच होता. फक्त त्यात वर्षभराचा रुसवा नव्हता. पुष्कळ वाट पाहून घरात आलेल्या नव्या नवरीचा असावा तसा लाजरा, आनंदी आवाज होता तो.

केशवनं फोन कापला.

"राँग नंबर," तो म्हणाला, आणि गाडीतून उतरून, चपला काढून आत गेला.